सेवेतून नेतृत्व : विद्यार्थ्यांची अभिवृत्ती कशी मोजतात आणि मुळशीत मोजताना काय पाहावे

पद, पैसा किंवा दरारा यांच्या जोरावर नव्हे, तर माणसांच्या गरजा ओळखून त्या पूर्ण करण्यातून जे नेतृत्व उभे राहते, त्याला ‘सेवा नेतृत्व’ म्हणतात. हाँगकाँगमधील विद्यापीठांनी हा विषय पदवीच्या शिक्षणात आणला. विद्यार्थी त्याकडे कसे पाहतात हे मोजण्यासाठी तेथील संशोधकांनी मापनीही तयार केल्या. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना गेली पाच दशके सुरू आहे आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवीच्या आराखड्यात समाजसहभाग प्रकल्प आला आहे. त्यामुळे ‘या मुलांमध्ये सेवाभाव आला का, नेतृत्व आले का’ हा प्रश्न इथेही विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका प्रश्नावलीतून काढले जाते.

ती प्रश्नावली भरणाऱ्यांत आपले तरुण असतात. उद्या समाजकार्य, मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र शिकताना ती तयार करणारेही तेच असतील. म्हणून ही मोजणी कशी होते, ती काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे माहीत असणे गरजेचे आहे. आपल्यासाठी यात आणखी एक प्रश्न आहे. ‘सेवा’ हा शब्द सगळ्यांच्या कानाला सारखा लागत नाही. ज्यांच्या पूर्वजांकडून पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने सेवा करून घेतली गेली, त्यांच्या नातवंडांपुढे ‘सेवेतच मोठेपण आहे’ असे विधान ठेवले, तर येणाऱ्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा?

कल्पना कोठून आली

सेवा आणि नेतृत्व यांची सांगड घालणारी आधुनिक मांडणी अमेरिकेतील रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये एका निबंधातून केली. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली होती. जो आधी सेवक असतो आणि त्या ओढीतून पुढे नेता होतो तोच खरा नेता, अशी त्यांची भूमिका होती. अशा नेत्याची पारख त्यांनी एका कसोटीवर केली : ज्यांची सेवा झाली ती माणसे वाढली का, अधिक मोकळी आणि स्वतंत्र झाली का, आणि समाजात सर्वांत खाली असलेल्यांवर त्याचा काय परिणाम झाला?

हाँगकाँगमध्ये या कल्पनेला वेगळे वळण मिळाले. तेथील अर्थव्यवस्थेत सेवा क्षेत्राचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. कारखान्यात वरून हुकूम आणि खालून अंमल असे चालू शकते. सेवा क्षेत्रात मात्र ग्राहकासमोर उभा असलेला साधा कर्मचारीच त्या क्षणी निर्णय घेत असतो. डीएचएल या कुरिअर कंपनीच्या आशियातील उभारणीत असलेले उद्योजक पो चुंग यांनी या अनुभवातून ‘सेवा नेतृत्वा’ची मांडणी केली. २०१२ मध्ये हाँगकाँगच्या विद्यापीठांत चार वर्षांची पदवी सुरू झाली. त्याच सुमारास सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आठही विद्यापीठांत या विषयाचे अभ्यासक्रम आणि उपक्रम सुरू झाले. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातील प्राध्यापक डॅनियल शेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिक्षणाचे मूल्यमापन करण्याचे बरेचसे काम केले आहे.

या मांडणीचे सूत्र गुणाकाराचे आहे : परिणामकारक सेवा नेतृत्व = नैतिक चारित्र्य × क्षमता × आस्था. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की सगळे उत्तर शून्य होते. हुशारी भरपूर पण आस्था नाही, किंवा आस्था आहे पण चारित्र्य नाही, तर नेतृत्व उरत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, नेतृत्व हा मूठभरांचा जन्मजात गुण नसून प्रत्येक माणसात ती शक्यता असते. दुसरी, सेवा ज्यांची करायची त्यांत माणूस स्वतःही येतो. आपले आरोग्य, आपले ज्ञान आणि आपले चारित्र्य यांची काळजी घेणे हाही नेतृत्वाचा भाग मानला जातो. राष्ट्रीय सेवा योजनेचे बोधवाक्य ‘मी नव्हे, तुम्ही’ या अर्थाचे आहे. हाँगकाँगची मांडणी मात्र ‘मी’ला वगळत नाही. हा फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. तो का, हे पुढे येईलच.

मापनीत काय असते

हाँगकाँगच्या संशोधकांनी ज्ञान, अभिवृत्ती आणि वर्तन अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजायचे ठरवले आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र मापनी विकसित केली. हा भेद नीट समजून घ्यायला हवा. सेवा नेतृत्वाची व्याख्या पाठ असणे म्हणजे ज्ञान. ते चांगले आहे, करण्यासारखे आहे असे वाटणे म्हणजे अभिवृत्ती. प्रत्यक्षात तसे वागणे म्हणजे वर्तन.

‘अभिवृत्ती मोजता येते’ असे मानसशास्त्रात ठामपणे मांडले ते लुई थर्स्टन यांनी, १९२८ मध्ये. आज सर्वत्र वापरली जाणारी सोपी पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये दिली. एक विधान द्यायचे आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायला सांगायची. साधारणपणे पाच पायऱ्या असतात. काही संशोधक मधली ‘सांगता येत नाही’ ही पायरी काढून सहा ठेवतात, म्हणजे उत्तर देणाऱ्याला एक बाजू घ्यावी लागते.

एकाच विधानावर अभिवृत्ती ठरवत नाहीत. चारित्र्य, क्षमता आणि आस्था या प्रत्येक अंगासाठी अनेक विधाने असतात आणि त्यांचे गुण एकत्र करतात. काही विधाने मुद्दाम उलटी लिहिलेली असतात. ‘नेतृत्व करणे हे काही ठरावीक घराण्यांनाच जमते’ या विधानाशी जो पूर्ण असहमत, त्याला पाच गुण आणि जो पूर्ण सहमत, त्याला एक गुण. न वाचता सगळीकडे एकच खूण करणारा अशा विधानांमुळे ओळखू येतो.

विधाने लिहून झाली म्हणजे मापनी तयार झाली असे नाही. तिची पारख दोन बाजूंनी होते.

विश्वसनीयता : एकाच गोष्टीबद्दलच्या विधानांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का? त्यासाठी ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला ‘अल्फा’ हा निर्देशांक वापरतात. तो साधारण ०.७० किंवा त्याहून जास्त असावा, असा संकेत आहे. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली त्याच मुलांना देऊन उत्तरे स्थिर राहतात का, हेही पाहतात.

सप्रमाणता : जे मोजायचे म्हणतो तेच मोजले जाते का? त्यासाठी आधी विषयातील जाणकार विधाने तपासतात. मग घटक विश्लेषण करून विधानांचे गट खरोखर चारित्र्य, क्षमता, आस्था असेच पडतात का ते पाहतात. शेवटी, या मापनीत जास्त गुण मिळवणारे विद्यार्थी सहानुभूती किंवा परोपकार मोजणाऱ्या दुसऱ्या मापनीतही वर दिसतात का, याची तुलना करतात.

वजनकाटा आणि मापनी यांत इथे साम्य आहे. दरवेळी दोनशे ग्रॅम कमी दाखवणारा काटा विश्वसनीय असतो, कारण तो सतत तेच सांगतो. तरीही तो चुकीचाच असतो.

शेक यांच्या मांडणीत चारित्र्याचा भाग सांगताना निष्ठा, मातापित्यांविषयीचा आदर, माणुसकी आणि नीतिमत्ता ही कन्फ्युशियसच्या परंपरेतील मूल्ये घेतलेली आहेत. म्हणजे त्यांनी पाश्चात्त्य कल्पना जशीच्या तशी उचलली नाही, ती चिनी विद्यार्थ्यांच्या मातीत रुजवून घेतली. तीच मापनी आपण फक्त भाषांतर करून वापरली, तर त्यांनी टाळलेली चूक आपण करू.

बोलणे आणि वागणे

अभिवृत्तीच्या मोजणीवरचा सर्वांत जुना आणि गाजलेला आक्षेप एका चिनी जोडप्याशीच जोडलेला आहे. अमेरिकेत चिनी लोकांविरुद्ध उघड द्वेष होता, त्या काळात, १९३० ते १९३२ या वर्षांत, रिचर्ड लापिएर हे समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्यासोबत देशभर फिरले. ते २५१ हॉटेले आणि खानावळींत गेले. फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, ‘तुम्ही चिनी पाहुण्यांना जागा द्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ कळवले. कागदावरचे उत्तर एक आणि दारातले वागणे दुसरे, हे १९३४ च्या त्यांच्या लेखातून पुढे आले.

आपल्याकडे हीच तफावत उलट्या दिशेने दिसते. कागदावर सगळे समतावादी असतात. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने वाचायला हवा. त्यांनी कोणाला मत विचारले नाही. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात होता : एक नाव उच्चवर्णीय वाटणारे, एक दलित आणि एक मुस्लिम. पुढच्या फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावासाठी सुमारे ०.६७ पट आणि मुस्लिम नावासाठी सुमारे ०.३३ पट निघाली. त्याच अधिकाऱ्यांना ‘आपण जात पाहून निवड करता का’ असे विचारले असते, तर काय उत्तर आले असते ते वेगळे सांगायला नको.

प्रश्न कसा विचारला यानेही उत्तर बदलते. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आधी विचारले गेले की घरात कोणी अस्पृश्यता पाळते का. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढे विचारले की अनुसूचित जातीच्या व्यक्तीने स्वयंपाकघरात येऊन भांड्यांना हात लावला तर चालेल का. दोन्ही उत्तरे मिळून देशातील सुमारे २७ टक्के कुटुंबे अस्पृश्यता पाळत असल्याचे दिसले. दुसरा प्रश्न विचारलाच नसता, तर हा आकडा कमी दिसला असता.

सेवा नेतृत्वाच्या प्रश्नावलीतही हेच घडते. ‘नेत्याने सर्वांशी समानतेने वागावे’ या विधानाशी असहमत होणारा विद्यार्थी क्वचितच सापडेल. चांगले दिसावे म्हणून चांगले उत्तर देण्याच्या या सवयीला ‘सामाजिक स्वीकारार्हतेचा पक्षपात’ म्हणतात. ती मोजण्यासाठी क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये स्वतंत्र मापनी तयार केली. शिबिराचे गुण किंवा प्रमाणपत्र ज्यांच्या हातात आहे, त्याच शिक्षकाने प्रश्नावली वाटली, तर हा पक्षपात आणखी वाढतो.

‘सेवा’ या शब्दाचे ओझे

इंग्रजीतल्या ‘सर्व्हिस’साठी मराठीत ‘सेवा’ हा शब्द सहज ठेवला जातो. पण मराठीत त्याचे किती अर्थ आहेत ते पाहा. लोकसेवा आयोगातली सेवा म्हणजे सरकारी नोकरी. बँकेतली ग्राहकसेवा वेगळी. आजारी आईची सेवा वेगळी आणि देवस्थानातली सेवा वेगळी. अंगणवाडी सेविकेचे काम पूर्णवेळ नोकरीसारखे असते, पण तिच्या मोबदल्याला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. इथे ‘सेवा’ या शब्दाच्या आडून कामाचे मोल कमी केले जाते, अशी त्या भगिनींची वर्षानुवर्षांची तक्रार आहे.

या सगळ्यांच्या खाली एक जुना अर्थ आहे. मनुस्मृतीने शूद्रांना वरच्या तीन वर्णांची सेवा हे एकच कर्तव्य नेमून दिले होते. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले. सेवेची सक्ती केवळ ग्रंथात नव्हती. महार वतनात तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम रात्री-अपरात्री करावे लागे. निरोप पोचवणे, सामान वाहणे, मेलेली जनावरे ओढणे यांना नकार देण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

म्हणून ‘इतरांची सेवा करण्यात मला आनंद वाटतो’ या विधानावर एखाद्या बौद्ध विद्यार्थिनीने ‘असहमत’ अशी खूण केली, तर तिच्यात सेवाभाव कमी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कदाचित ती सेवेला नव्हे, सक्तीला नकार देत असेल. हाँगकाँगच्या मांडणीत स्वतःच्या उन्नतीलाही सेवेत जागा आहे. ज्यांना शतकानुशतके स्वतःला विसरायला लावले गेले, त्यांच्यासाठी ही जागा मोलाची आहे. पहिल्या पिढीतील पदवीधराने आधी आपले शिक्षण पूर्ण करणे हा स्वार्थ नाही.

भाषेचा दुसरा पेच ‘नेता’ या शब्दात आहे. आपल्याकडे नेता म्हटले की फलकावरचा फोटो आणि निवडणूक डोळ्यांपुढे येते. सेवा नेतृत्वाच्या सर्वांत जवळचा मराठी शब्द शोधायचा झाला तर तो ‘कार्यकर्ता’ आहे. वस्तीतल्या आजारी माणसाला रात्री रुग्णालयात पोचवणारा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा, जयंतीची वर्गणी गोळा करून पै-पैचा हिशेब भिंतीवर लावणारा तो कार्यकर्ता. अडचण एवढीच की आपण नेता वर आणि कार्यकर्ता खाली अशी उतरंड मानतो. सेवा नेतृत्वाची अभिवृत्ती मराठीत मोजायची तर खरा प्रश्न असा विचारायला हवा : जो काम करतो तोच पुढारपण करतो, हे विद्यार्थ्याला पटते का?

ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थक या उपासकाची हकिगत येते. एवढा मोठा समुदाय तू कसा सांभाळतोस, असे बुद्ध त्याला विचारतात. चार संग्रहवस्तूंच्या आधारे, असे तो सांगतो. दान, प्रिय वचन, हिताचे आचरण आणि समान वागणूक या त्या चार गोष्टी. यातली चौथी सर्वांत महत्त्वाची आहे. सेवा करणारा आणि ती घेणारा समान पातळीवर नसतील, तर पहिल्या तीन गोष्टी उपकार होऊन बसतात. नेतृत्व शिकवता येते यावर बाबासाहेबांचाही विश्वास होता. १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले, ते याच विश्वासातून.

मुळशीत हा प्रश्न कसा उभा राहतो

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या विषयासाठी नमुनेदार ठिकाण आहे. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे. फ्लेम विद्यापीठही लवळ्यातच आहे. पौडजवळच्या डोंगरावर १९९७ मध्ये सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रमात सेवा हा सक्तीचा भाग असतो. हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यात येते. त्याच वेळी पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात भातशेतीवर जगणारी छोटी गावे आणि कातकरी वाड्या आहेत. पुण्यातल्या महाविद्यालयांना शिबिरासाठी गाव हवे असते, तेव्हा मुळशी, मावळ, वेल्हे हेच तालुके जवळचे वाटतात.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यायचा, अशी तिची रचना आहे. ज्या गावात हे काम चालते त्याला ‘दत्तक गाव’ म्हणतात. या शब्दावरही विचार व्हायला हवा. दत्तक मूल घेतात. गावात वडीलधारी, अनुभवी माणसे असतात. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला गावाचे पालकत्व देणारा शब्द त्याच्या मनात कोणती अभिवृत्ती रुजवतो?

बाहेरून आलेले नेतृत्व आणि गावाची गरज यांचा प्रश्न मुळशीला नवा नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून ‘सेनापती’ झाले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. पण अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांच्या कर्जात अडकलेल्या होत्या. मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा सावकार आणि कुळे यांचे हित एक राहिले नाही. लढा १९२४ पर्यंत ओसरला आणि धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. मुळशीत शिबिराला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा.

ग्रीनलीफ यांची कसोटी इथे लागू पडते. सर्वांत खाली असलेल्याचे काय झाले? प्रश्नावली मात्र फक्त वर असलेल्याला, म्हणजे सेवा करायला आलेल्या विद्यार्थ्याला दिली जाते. ‘माझ्यात आस्था वाढली’ असे तो लिहितो. आस्था वाढली की नाही हे सांगण्याचा पहिला हक्क ज्याच्या दारात तो आला होता त्याचा आहे.

मापनी मराठीत आणताना

एखाद्या महाविद्यालयात किंवा संघटनेत अशी पाहणी करायची असेल, तर पुढील टप्पे पाळावेत.

१. आधी ऐका. विधाने लिहिण्यापूर्वी आठ-दहा विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांशी बोला. मराठी माध्यमातून आलेले, वसतिगृहात राहणारे, मुली, आदिवासी आणि बौद्ध विद्यार्थी यांचे गट स्वतंत्र घ्या. ‘सेवा म्हटले की काय आठवते’ या एका प्रश्नातून बरेच कळते.

२. दोनदा भाषांतर करा. एकाने मराठीत आणलेली विधाने, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत मूळ भाषेत न्यावीत. जिथे अर्थ सरकला असेल तिथे शब्द बदला. परवानगी घेतल्याशिवाय कोणाची मापनी वापरू नका.

३. मोठ्याने विचार करायला सांगा. पाच-सहा विद्यार्थ्यांसमोर विधान वाचा आणि त्यांनी ते कसे समजून घेतले ते विचारा. शब्द एक आणि समज वेगळी, हे इथेच पकडले जाते.

४. विधाने नेमकी लिहा. ‘नेत्याने नम्र असावे’ हे सगळ्यांनाच पटेल. त्याऐवजी काही विधाने अशी असू शकतात. ही या लेखासाठी रचलेली आहेत, कोणत्याही प्रमाणित मापनीतली नाहीत :
– शिबिरात स्वच्छतागृह धुण्याची पाळी गटप्रमुखालाही असावी.
– गटात कमी बोलणाऱ्याचे मत घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये.
– गावकऱ्यांना नको असलेले काम, ते चांगले असले तरी, आपण करू नये.
– स्वतःचा अभ्यास मागे पडत असेल तर काही काळ समाजकार्य थांबवणे योग्य आहे.
– कोणाला सेवा नाकारण्याचा हक्क नसेल, तर ती सेवा नव्हे.
– स्वयंपाकाचे काम मुलींना आणि भाषणाचे काम मुलांना देणे सोयीचे असते. (उलटे विधान)

५. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. शिबिरानंतरचे गुण जास्त आले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. शिबिराला न गेलेल्या तशाच विद्यार्थ्यांचा एक गट तुलनेसाठी घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

६. सरासरीवर थांबू नका. सगळ्या वर्गाची सरासरी चांगली आली तरी काही गटांची उत्तरे वेगळी असू शकतात. एखाद्या विधानावर मागास प्रवर्गातील विद्यार्थी सातत्याने वेगळे उत्तर देत असतील, तर आधी विधान तपासा, मग विद्यार्थी.

वर्तनाची नोंद

अभिवृत्तीच्या जोडीला वर्तन नोंदवले तरच चित्र पूर्ण होते. त्यासाठी संगणक लागत नाही. सात दिवसांच्या शिबिराचे पाळीपत्रक पुरे आहे. भांडी कोणी घासली, स्वच्छतागृह कोणी धुतले, झाडू कोणाच्या हातात होता, मंचावर कोण बोलले, पाहुण्यांना पुष्पगुच्छ कोणी दिला, वर्तमानपत्रातल्या फोटोत कोण आहे, एवढे रोज लिहा. आठवडा संपल्यावर प्रश्नावलीतील गुण आणि ही नोंद शेजारी-शेजारी ठेवा. ‘सर्व कामे समान दर्जाची आहेत’ या विधानाशी पूर्ण सहमत असलेल्या गटात झाडू मात्र नेहमी त्याच दोघांच्या हातात दिसला, तर तेच तुमच्या पाहणीचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. ते अहवालात आले पाहिजे.

याच वेळी गावातही जा. ज्या वस्तीत काम झाले तिथल्या लोकांना तीन प्रश्न विचारा. काम ठरवताना तुम्हाला विचारले होते का? विद्यार्थी तुमच्या घरी पाणी प्यायले का? पुढच्या वर्षी त्यांनी यावे असे वाटते का, आणि का? दुसरा प्रश्न साधा दिसतो, पण गावाच्या कोणत्या भागात ‘हो’ येते आणि कोणत्या भागात ‘नाही’, यातून खूप काही समजते.

माहिती कोणाची, जबाबदारी कोणाची

जातीबद्दलची माहिती मागताना विशेष काळजी हवी. ‘धर्म : बौद्ध’ आणि ‘प्रवर्ग : अनुसूचित जाती’ असे दोन रकाने भरून घेतले आणि वर्गात असे दोनच विद्यार्थी असले, तर नाव न लिहूनही ते ओळखले जातात. म्हणून हे रकाने ऐच्छिक ठेवा, भरलेली प्रश्नावली बंद पेटीत घ्या आणि लहान गटांचे आकडे वेगळे छापू नका. प्रश्नावली वाटणारी व्यक्ती गुण देणारी नसावी. भाग न घेण्याचा हक्क पहिल्याच ओळीत, सोप्या मराठीत लिहा. सेवा नेतृत्व मोजणारी पाहणीच सक्तीने भरून घेतली, तर ती आपल्याच विषयाला छेद देते.

आणि कोणाच्याही गुणांवरून ‘हा नेता, तो नाही’ असा शिक्का मारू नका. गटाचा कल समजून घ्यावा, शिक्षणात काय बदलायला हवे ते कळावे, यासाठी अभिवृत्ती मापनी असते. तिच्या आधारे गटप्रमुख निवडणे किंवा कोणाला शिबिरातून वगळणे हा तिचा गैरवापर आहे.

आपल्या युवक मंडळांत, विहारांतील अभ्यासवर्गांत आणि महाविद्यालयांत कार्यकर्ते घडवण्याचे काम वर्षभर चालते. किती कार्यक्रम झाले, किती लोक आले, याची मोजदाद आपण करतो. घडलेल्या कार्यकर्त्याच्या हातात माइक जास्त वेळ असतो की झाडू, त्याच्या सभेत मुली बोलतात का, आणि ज्यांच्यासाठी तो काम करतो ते त्याला नाही म्हणू शकतात का, याची मोजदाद मात्र क्वचितच होते. पुढच्या शिबिराचे पाळीपत्रक जपून ठेवले, तर तिथून सुरुवात करता येईल.